फुकटच्या पंगतीतलं मीठ

मनवा, ये बरं अशी जवळ. तू पुण्यात बसलीयस ते ठाऊक आहे मला, पण वाचायला तरी खुर्ची ओढून नीट बस. ते गाण्याचं कानातलं काढ. आणि एका हातानं जेवत, दुसऱ्या हाताचा अंगठा फिरवत आत्याचं वाचू नको. मागच्या वेळी तसंच केलंस. मी एवढं बैजवार लिहून पाठवलं आणि तुझं उत्तर काय, तर एक रडका पिवळा चेहरा आणि दोन जोडलेले हात. पोरी, मी तुझ्या बापाची मोठी बहीण आहे. मला चेहरे पाठवू नको. रडायचं असेल तर इथं येऊन रड, पदर आहे माझा. मी रागावलेय तुझ्यावर, आणि हा राग एका चित्रावर भागायचा न्हाई.

आज सकाळी दार उघडलं अन् तो वास आला. भादव्यातला. तुला वाटेल ओल्या मातीचा, फुलांचा. न्हाई. फवाऱ्याचा. खोकल्याच्या औषधात कोणी रॉकेल ओतावं तसा गोडसर, कडू, घशाच्या मागं जाऊन बसणारा. कपाशी कमरेला लागलीय, पिवळी फुलं दुसऱ्या दिवशी गुलाबी पडून राह्यलीत, सोयाबीनच्या शेंगा भरल्यात, हवा अशी दाटलेली की लुगडं अंगाला चिकटतं. शिवारात चहूकडून पंपांची घरघर. चतुर नुसते तरंगतात, जागचे हलत न्हाईत. लहानपणापासून हा वास म्हणजे पीक जोमात आहे, असंच नाकाला ठाऊक. आता तो आला की मला कपाशी आठवत न्हाई. कवडी आठवते.

तुला कवडी माहीत आहे. पण हे चार लोकांनी वाचावं म्हणून लिहितेय, तर त्यांना सांगायला पाहिजे. कवडी म्हणजे वत्सलाची शेळी. काळी, आणि पाठीवर कवड्या उधळल्यासारखे पांढरे ठिपके. वत्सला माझी शेजारीण. तिच्या सासऱ्यापर्यंत ह्या लोकांनी मेंढरं घेऊन मुलूख पायाखाली घातला; आता नाल्याच्या खोलगटात थोडी जमीन, दारात पाच-सात शेळ्या. जमीन नवऱ्याची, शेळ्या तिच्या. शेळ्यांना ती नावानं हाक मारते, आणि नवऱ्याला 'अहो, ऐकलं का' एवढंच.

आणि मी? मी तीर्थपुरीत टायपिंग अन् झेरॉक्सचं दुकान चालवलेली बाई. कंप्युटर शिकवायला कोणी नव्हतं. पडद्यावर जे आलं ते वाचायचं, दाबायचं, बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून. लग्नाच्या पत्रिका छापून छापून नजर अशी झाली की चूक मला आधी दिसते अन् मंग अक्षर. एका पत्रिकेत नवरदेवाच्या जागी मामाचं नाव बसलं होतं. शेवटच्या घडीला मी धरलं, न्हाईतर त्या मामीनं मांडवाला काडी लावली असती.

तू आणि तुझे मित्र मिळून शेतीचं ॲप बनवून राह्यले होते तेव्हा तुला ही नजर आठवली. ॲप फुकट. नुसतं फुकट न्हाई, त्याचं आतलं लिखाणसुद्धा सगळ्यांना उघडं. कोणीही पाहावं, कोणीही सुधारावं. ओपन सोर्स. पीक सांगायचं, औषध सांगायचं, मंग ते सांगतं की पंपाला किती घालायचं, आणि फवारल्यावर बांधाचं गवत जनावराला किती दिवस घालायचं न्हाई. मला पटलं. म्हटलं, पोरं चांगलं काम करून राह्यलीत, कोणाची मालकी न्हाई, सगळ्यांचं आहे. तू म्हणालीस, "आत्या, फक्त मराठी तपासून दे." मी मराठी तपासलं. मंग बटणं तपासली. मंग म्हटलं, हे बटण दाबल्यावर मागं जाता येत न्हाई, हे अक्षर उन्हात दिसत न्हाई, ओल्या अंगठ्यानं हे उघडत न्हाई. होता होता तुम्ही सगळ्यांनी मिळून मला तपासणीची प्रमुख करून टाकलं. क्वालिटी लीड! तुझ्या बापानं फोनवर विचारलं, "अक्के, पगार किती?" मी म्हटलं, "कामही फुकटच आहे, पण नकार द्यायचा अधिकार आहे." मला खरंच तसं वाटलं होतं. नवी आवृत्ती बाहेर सोडायची तर आधी माझं 'हो' पाहिजे, असं तुम्हीच ठरवलं होतं ना? का ते मला बरं वाटावं म्हणून?

तर मी गल्लीतल्या बायकांना तपासायला बसवलं. ओसरीवर सतरंजी, चहा, आणि एकेकीच्या हातात फोन. "सांगा गं, काय अडतं?"

"काही न्हाई अडत, आक्का. लई चांगलं हाय."

"अगं, नीट पाहून सांग."

"पाह्यलं की. बराबर हाय सगळं."

वत्सला तर हात जोडूनच म्हणाली, "पोरीनं रात्रंदिस खपून फुकट करून दिलंय, अन् आपुन नावं ठेवायची व्हय? जीभ झडंल."

मला तेव्हा नुसता वैताग आला. मंग सप्त्याच्या पंगतीत बसले होते, तेव्हा उजेड पडला. काल्याच्या दिवशी सगळं गाव जेवतं. पोळी, भाजी, बुंदी. त्या दिवशी भाजी अळणी होती. साफ अळणी. आणि पंगतीत एकानं तोंड वाकडं केलं न्हाई. "वाढा, वाढा, अमृत झालंय!" का तर प्रसाद आहे, फुकट आहे, कोणाच्या तरी घामाचं आहे, त्यात मीठ कमी म्हणायचं नसतं. नैवेद्याआधी चाखायचं नसतं, आणि नंतर बोलायचं नसतं. मंग त्याच बाया घराकडं निघाल्या, अन् देवळाचं वळण संपायच्या आत सुरू झालं. "अगं, भाजी व्हती का पाणी?" "आचाऱ्याच्या घरी मिठाला बंदी हाय वाटतं." "माझं तर लोणचं म्हणून जेवण झालं!" हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

माझ्या बायकांनी तुमचं ॲप पंगतीत बसून खाल्लं होतं, मनवा. चुका त्यांना दिसत होत्या. फुकट दिलेल्या गोष्टीला तोंडावर नाव ठेवणं आमच्यात पाप आहे, एवढंच. तुमच्याकडं आमच्या गावचे सगळे अभिप्राय 'उत्तम' म्हणून गेले, तुम्ही त्याचं रंगीत चित्र काढून लोकांना दाखवलं, आणि टाळ्या घेतल्या.

तेव्हापासून मी ओसरी बंद केली. तपासणी वाटेवर घ्यायला लागले. दिवस कलताना बाया रानातून परततात, डोक्यावर गवताचा भारा. भारा डोक्यावर असला की माणूस खरं बोलतं. मान ताठ, नजर समोर, कोणाच्या तोंडाकडं पाहायचं काम न्हाई. मी मागून चालते, काही विचारत न्हाई. गुडघे दुखतात, पण चालते. आणि बोलणं वाऱ्याबरोबर मागं येतं. ते अक्षर उन्हात मुंगीसारखं दिसतं. फोनातल्या बाईचा आवाज लई घाईत बोलतो. पोरगी गोड हाय पण ॲप खुळं हाय. हे सगळं मी घरी येऊन बराबर लिहून तुम्हाला पाठवलं, आणि तुम्ही सुधारलंही. खोटं का बोलू? ते दिवस मला फार आवडले. वाटलं, ह्या वयात काहीतरी उपयोगाचं हातून होतंय.

मागच्या भादव्यात तू आली होतीस. आठवतं? वत्सलाच्या रानात गेलो आपण. पायात तुझे ते पांढरे बूट, नाल्यातल्या चिखलानं पार काळे झाले अन् तू हसलीस. तिनं वेलावरची वाळकं तोडून तुझ्या पिशवीत घातली, एक तिथंच मनगटावर फोडून तुला दिलं. मीठ नव्हतं तरी तू कराकरा खाल्लंस. घरी आल्यावर तिचा फोन घेऊन तूच ॲप टाकून दिलंस. म्हणालीस, "काकू, आता बाटलीवरचं बारीक वाचायची गरज नाही. हे सगळं सांगेल." ती किती खूश झाली होती. गल्लीत सगळ्यांना फोन दाखवत फिरली, जसं काही तू तिला साडीच नेसवलीस.

तू गेलीस, आणि त्याच हप्त्यात तिच्या नवऱ्यानं कपाशीवर फवारलं. औषध नवं होतं. जुन्या औषधांचं तिला ठाऊक. सासूनं सांगून ठेवलेलं, किती थांबायचं ते. नव्याचं कसं ठाऊक असणार? रानातच उभं राहून तिनं तुझं ॲप उघडलं. त्यानं सांगितलं, थांबण्याची गरज नाही. तिनं बांधाचं गवत कापलं, भारा बांधला. कवडी गाभण होती, म्हणून पहिला घास तिला.

त्या संध्याकाळचं मला जास्त लिहववत न्हाई. तोंडाला फेस, चारी पाय थरथर, आणि ती ओरडत नव्हती, हेच वाईट. जनावरांचे डॉक्टर फटफटीवर आले, सुई दिली, म्हणाले, "फवाऱ्याचं गवत घातलं का?" वत्सला नुसती पदरानं फेस पुसत राह्यली. कवडीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. पोटातली दोन्ही पिल्लं आईबरोबरच गेली.

आता ऐक, मला राग कशाचा आला. मी दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, "वत्सला, तू गवत घातलंसच कसं?" ती म्हणाली, "चुकलं माझं." बस. एवढंच. ॲपचं नाव न्हाई, तुझं नाव न्हाई. मला कळलं ते पुढं वाटेवर. दोन भारे पुढं, मी मागं. तिची जाऊ म्हणाली, "तुला तर फोनातली बाई सांगती ना गं?" आणि वत्सला सावकाश म्हणाली, "तिनंच सांगितलं. घाल म्हणली. पण आक्काला नको सांगू. त्यांची भाची हाय. पोरीनं एवढ्या मायेनं दिलं, तिला कशाला लाज आणायची?"

मी तिथंच वाटेत उभी राह्यले. मनवा, ज्या बाईची शेळी मेली ती बाई तुझी अब्रू झाकून राह्यली होती.

मी तिचा फोन घेऊन त्या रानात गेले. नाल्याच्या खोलगटात टॉवर लागत न्हाई. तिथं उभं राहून तेच औषध विचारलं. थांबण्याची गरज नाही. वर रस्त्यावर आले, टॉवर आला, पुन्हा विचारलं. आता लिहून आलं, की थांबा, इतके दिवस गवत तोडू नका. पुन्हा खाली, पुन्हा गरज नाही. कितीदा चढले-उतरले, गुडघ्यांना विचार. मंग उमगलं. ते दिवस तुमच्याकडं लांब कुठंतरी ठेवलेले असतात, आणि ॲप दर वेळी तिथून मागवतं. टॉवर नसला की काहीच हाती लागत न्हाई. आणि काहीच हाती लागलं न्हाई, म्हणजे थांबायचे दिवस शून्य, असं ते बेधडक धरून चालतं.

अगं, डब्यात साखर न्हाई, आणि डबा उघडूनच पाह्यला न्हाई, ह्या दोन गोष्टी एक आहेत का? 'मला ठाऊक न्हाई' असं म्हणायला तुमच्या ॲपला काय लाज वाटते? आमच्याकडं अडाणी माणूससुद्धा म्हणतो, "बाबा, मला न्हाई ठाऊक, पुढं विचार." वाट चुकलेल्याला खोटी वाट दाखवत न्हाई.

मी सगळं लिहून पाठवलं. कुठं उभी होते, काय दाबलं, काय दिसलं, शेळीचं काय झालं. उत्तर आलं, "आमच्याकडे असं होत नाही." आणि तक्रार बंद. तुमच्याकडं कसं होईल? तुम्ही जिथं बसता तिथं संडासातसुद्धा नेट आहे! मी पुन्हा उघडली, पुन्हा बंद. मंग तुमच्या त्या ऑनलाइन मीटिंगमध्ये बोलले. तो दाढीवाला, नाव न्हाई घेत त्याचं, मोठ्या शांतपणानं म्हणाला, "मावशी, ही फार क्वचित घडणारी गोष्ट आहे. आणि हे फुकट आहे, आम्ही सगळे नोकरी सांभाळून करतो. कोड उघडाच आहे, कोणीही दुरुस्त करू शकतं."

कोणीही म्हणजे कोण? वत्सला? भारा खाली ठेवून?

गावाची विहीर सगळ्यांची असते. कोणीही पाणी भरावं, कोणीही कठडा बांधावा. पण आत पडलेल्याच्या घरच्यांना "कठडा तुम्हीच बांधायचा होता" असं म्हणणारा माणूस मी अजून पाह्यला न्हाई. तो दाढीवाला पहिला. फुकट म्हणजे बेवारस न्हाई. सप्त्याची पंगत फुकटच असते, पण गहू निवडणारी बाई खडा राहू देत न्हाई. विकतचं असतं तर वत्सला दुकानात जाऊन भांडली असती, चार शिव्या हासडल्या असत्या. फुकट दिलंत म्हणून तिचं तोंड बंद झालं. मंग ज्याच्यापुढं माणूस बोलू शकत न्हाई, त्यानं जास्त जपायला पाहिजे का कमी?

आणि तू त्या मीटिंगमध्ये होतीस. तुझा चौकोन दिसत होता मला, खाली डावीकडं. तू कॅमेरा बंद केलास.

मी वाट पाह्यली, दसऱ्याला येशील. न्हाई आलीस. हुरड्याला न्हाई. उन्हाळ्यात सुट्टी न्हाई म्हणालीस. सुट्टी होती, तुझ्या बापानं गोव्याचे फोटो दाखवले मला. मी तेव्हाच समजले. तुला कामं न्हाईत, तुला वत्सलाचं दार चुकवायचंय.

आणि आता पुन्हा भादवा, पुन्हा तोच वास, आणि परवा तुझा निरोप. "आत्या, नवी आवृत्ती मस्त झालीय. एकदा 'हो' म्हण ना, रविवारी सोडतोय." मी काय करणार? चष्मा लावला, काठी घेतली, नाल्यात उतरले. वत्सला बांधावरच होती. तिच्या पुढ्यातच उघडलं. नवा हिरवा रंग. पडद्यावर कणीस हलतं. नाव सांगितलं की 'राम राम' म्हणतं. औषध घातलं. थांबण्याची गरज नाही.

तेच. तेच वाक्य, फक्त अक्षर आता मोठं अन् सुरेख. मीच सांगितलं होतं ना, अक्षर मोठं करा म्हणून.

वत्सलानं माझ्या खांद्यावरून पाह्यलं. वाचता येतं तिला. मंग म्हणाली, "आक्का, रंग मात्र झ्याक दिलाय पोरीनं."

मी फोन बंद केला, मनवा. वत्सला आता त्या वाक्यावर जात न्हाई, ती थांबते. तिनं कवडी देऊन शिकून घेतलं. पण जिथं जिथं असा नाला आहे, जिथं टॉवर लागत न्हाई, तिथं कुठंतरी एक बाई गवत कापायला वाकलीय आणि तिच्या कमरेला फोन खोचलेला आहे. तिला माझा पत्ता ठाऊक न्हाई. ती कोणाला नाव ठेवणार न्हाई. तीही म्हणेल, चुकलं माझं.

तर माझं उत्तर 'न्हाई'. लिहून दिलंय, वरच्या रकान्यात, ठळक. मला ठाऊक आहे, माझ्या 'न्हाई'वरून उडी मारून तुम्ही रविवारी सोडू शकता. कुलूप माझ्याकडं न्हाई. किल्ली तुझ्याकडं आहे. शेवटचं बटण तूच दाबतेस, हे मला त्या दाढीवाल्यानंच सांगितलं. म्हणून मी त्याच्याशी भांडत न्हाई. तुझ्याशी भांडते. परक्यावर राग काढून काय करू? तो आपला माणूस असता तर मनाला लागलं असतं त्याच्या.

ये तू. रविवारच्या आत ये. अंबडवरून बस आहे, गाडी आणलीस तर नाल्याच्या अलीकडं ठेव, पुढं चिखल आहे. ते पांढरे बूट घालू नको; माझ्या चपला आहेत. कोणी तुला बोलणार न्हाई. वत्सला तर चहाच टाकील आणि तुझी वाळकं काढून ठेवील, वेल औंदाही धरलाय. तिची माफी मागत बसू नको, ती लाजेल अन् तुलाच समजावील. तिच्याबरोबर भारा बांध. मी चुंबळ करून देते, तुझ्या डोक्यावर ठेवते. आणि तिच्या मागं चाल, नजर समोर. काही विचारू नको. कवडीची आधीची पाठ, तिची लेक, आता मोठी झालीय, आईसारखेच ठिपके आहेत, आणि औंदा तीही गाभण आहे. दारात पोचलीस की ती तुझ्या भाऱ्याकडं मान लांब करील.

तेव्हा फोन काढ, नाल्यातल्यासारखं नेट बंद कर, ॲपला विचार, आणि मंग तूच ठरव, तिला घास घालायचा का.

ये गं. मी वाट पाहते.